बेळगावात बसून ब्रिटिश मूकपट-नटाचं चरित्र कसं जुळवावं

मूकपटांच्या काळातल्या ब्रिटिश नटावर लिहायचं ठरलं की बहुतेक जण आधी इंटरनेटवरून त्याच्या चित्रपटांची यादी उतरवून घेतात आणि मग त्या यादीभोवती आयुष्य रचत बसतात. काम बिघडतं ते इथंच. या याद्या नावावरून तयार झालेल्या असतात, आणि मूकपटातल्या नटाचा सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे त्याचं नाव. म्हणून जन्म, जनगणना, प्रवास, कोर्ट, मृत्यू यांचे कागद आधी जमवा आणि पडद्यावरचं काम त्या तारखांवर बसवत जा. उलट्या क्रमानं गेलात तर एकाच लेखात दोन माणसांचं आयुष्य शिरतं, आणि ते छापून आल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही बसून हे होतं. लंडन गाठावं लागत नाही. पुण्याची एखादी खेप पडेल. रोज तासभर दिला तर दोन-अडीच महिने धरून चाला. दिवाळी अंकवाले गणपतीच्या आसपास मजकुराचा तगादा लावतात, तेव्हा मृगाचा पाऊस लागला की सुरुवात करा.

सामान फार नाही. एक दोनशे पानी रजिस्टर घ्या, किंवा एक्सेलची शीट. त्यात पाच रकाने आखा: कागदावरची तारीख, कागदावर नाव जसं आहे अगदी तसं, कागद काय सांगतो, तो कुठं मिळाला, आणि शंका. पाचवा रकाना रिकामा ठेवू नका. एका नोंदीत वय दोन वर्षांनी कमी दिसलं, दुसरीत गाव वेगळं निघालं, तर ते त्याच दिवशी तिथं लिहा. दुसरी सोय डेबिट कार्डाची. २०२० पासून नवं कार्ड मिळतं तेव्हा त्यावर परदेशी व्यवहार बंदच असतात. ब्रिटिश दप्तरातून दाखल्याची प्रत मागवायची वेळ येईल, तेव्हा बँकेच्या ॲपमधून ते आधी चालू करून घ्या. नाहीतर पैसे भरताना पान लटकतं आणि चूक त्या साइटची आहे असं वाटत राहतं.

नट कुठला घ्यावा

चॅप्लिन नको. त्याच्यावर इतकं लिहून झालंय की नवीन काही हाती लागणार नाही. शिवाय त्याचा जन्मदाखला आजवर सापडलेलाच नाही, म्हणजे शिकणाऱ्याला पहिल्याच पायरीवर ठेच. असा नट शोधा की ज्याचं खरं नाव ठाऊक आहे, निदान एक चित्रपट बघायला मिळतो आणि कुठल्या तरी सरकारी कागदात तो अडकलेला आहे. हे तिन्ही जुळणारे तीन नट सुरुवातीला चांगले.

पहिला नॉर्मन प्रिचर्ड. आपल्या वाचकांना हा सगळ्यांत जवळचा. कलकत्त्यात जन्मला, तिथल्या सेंट झेवियर्समध्ये शिकला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत अशी दोन रौप्यपदकं त्यानं घेतली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यावर धरते. पुढं तो इंग्लंडला गेला, रंगभूमीवर उतरला, तिथून अमेरिकेत पोचला आणि ‘नॉर्मन ट्रेव्हर’ या नावानं हॉलिवूडच्या मूकपटांत दिसू लागला. १९२६ च्या ‘बो जेस्ट’मध्ये तो आहे. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. खेळावर लिहिणारे प्रिचर्डपाशी थांबतात, सिनेमावर लिहिणारे ट्रेव्हरपासून सुरू करतात. दोन्ही अर्धे जोडून देणं एवढं एक केलंत तरी लेखाचं सार्थक झालं.

दुसरा स्टुअर्ट रोम. खरं नाव सेप्टिमस रायट, जन्म ३० जानेवारी १८८६, बर्कशर परगण्यातलं न्यूबरी. कोर्टाचे कागद कसे वापरायचे हे शिकायला याच्यासारखा नट नाही.

तिसरा शेरलॉक होम्स साकारणारा नॉरवुड, मूळचा अँथनी एडवर्ड ब्रेट, जन्म यॉर्कमध्ये १८६१ चा. १९२१ ते १९२३ या तीन वर्षांत लंडनच्या स्टोल कंपनीसाठी त्यानं होम्सचे ४७ चित्रपट केले: ४५ छोटे, दोन मोठे. पडद्यावर होम्स म्हणून उभा राहिला तेव्हा साठीला टेकला होता. हे एक वाक्य लेखात घालायचं तर जन्मवर्ष पक्कं हवं, आणि त्या काळच्या सिनेमासिकांतली नटांची वयं तर मुळीच धरू नयेत. कंपनीच्या प्रसिद्धी खात्याला नट तरुण दिसायला हवा असायचा. तिथं पाच-सात वर्षं सहज गायब होत.

नावाचा गुंता

सीमाभागात हे समजावून सांगायची गरज नाही. आजोबांचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये एक, मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधार कार्डावर इंग्रजीत तिसरंच. तिन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला आपण जे करतो तेच इथं करायचं: दोन्ही नावं एकत्र असलेला कागद शोधायचा. एकाच कागदावर भिस्त नको. एकमेकांवरून न उतरवलेले दोन हवेत. वर्तमानपत्रातला मृत्युलेख आणि त्यावरूनच लिहिलेला कोशातला मजकूर हे दोन पुरावे होत नाहीत.

असे कागद बहुधा चार ठिकाणी मिळतात. मृत्युपत्राच्या वार्षिक सूचीत ‘ऊर्फ’ लावून रंगनाव येतं. ‘लंडन गॅझेट’मध्ये नाव बदलल्याच्या आणि दिवाळखोरीच्या नोटिसा छापल्या जात, हे गॅझेट फुकट शोधता येतं, आणि नटमंडळी दिवाळखोरीत बरीच सापडतात. जहाजाच्या प्रवासी यादीत खरं नाव आणि ‘ॲक्टर’ हा धंदा शेजारीशेजारी असतो. ब्रिटनबाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या १८९० ते १९६० या काळातल्या याद्या टिकून आहेत. चौथी जागा कोर्ट.

रोमचं प्रकरण इथं नीट समजून घ्या. तो वॉल्टन-ऑन-टेम्स इथल्या हेपवर्थ कंपनीत होता. ‘स्टुअर्ट रोम’ हे नाव कंपनीचं, नोकरी सोडल्यावर ते वापरायचं नाही, अशी अट करारात होती. पहिल्या महायुद्धानंतर तो दुसऱ्या कंपनीत गेला, तेव्हा हेपवर्थनं दावा लावला. अपील कोर्टानं नटाच्या बाजूनं निकाल दिला: अशी अट म्हणजे माणसाच्या पोटापाण्यावर गदा, ती लागू होत नाही. ‘हेपवर्थ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी विरुद्ध रायट’ हा निकाल १९२० च्या चॅन्सरी विभागाच्या निकालसंग्रहात पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून आहे. आता बघा, या एका कागदानं काय काय दिलं: खरं नाव, रंगनाव, जुना मालक, नोकरी सोडल्याचा सुमार आणि त्या काळी नटाचं नाव किती किमतीचं होतं याचा पुरावा. लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात ओळख असेल तर तिथल्या ऑनलाइन निकालसंग्रहातून तो काढून घ्या.

एक सावधगिरी. कायद्यानं नाव बदललं ती तारीख आणि पडद्यावर नाव आलं ती तारीख यांत बरंच अंतर असू शकतं. नट आयव्हर नॉव्हेलो १९२० पासून चित्रपटांत त्याच नावानं होता. कायद्यानं ते नाव घेतलं १९२७ मध्ये. तोवर सरकारी कागदावर तो डेव्हिस. त्यामुळं १९२१ च्या जनगणनेत ‘नॉव्हेलो’ सापडला नाही म्हणून ‘परदेशात असावा’ असं लिहून मोकळे होऊ नका.

जन्म-मृत्यूची दप्तरं

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. स्कॉटलंडचं दप्तर वेगळं, ते १८५५ पासून; आयर्लंडचं १८६४ पासून. नट ग्लासगोचा असेल आणि तुम्ही इंग्लंडची सूची चाळत बसलात तर महिना गेला समजा.

सूची तिमाहीची असते: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. ही तिमाही नोंदीची, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती. रोमचा जन्म ३० जानेवारीचा, मुदत १३ मार्चला संपते, म्हणजे नोंद मार्च तिमाहीतच पडायला हवी. पण कुणाचा जन्म २० डिसेंबरचा असेल तर नोंद पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत जाऊ शकते, आणि तेवढ्यावरून कोशांत जन्मवर्ष एकानं पुढं सरकतं. वर्षाचा घोळ दिसला की आधी हा महिना तपासा.

फुकट शोधायला फ्री-बीएमडी ही जन्म-विवाह-मृत्यूंच्या सूचीची साइट. सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीतही नाव नोंदवून फुकट शोधता येतं, आणि तिथं जन्माच्या नोंदीशेजारी आईचं माहेरचं आडनाव मिळतं. जॉन स्मिथ नावाची सात मुलं निघाली तर हाच रकाना निवाडा करतो. खात्री झाल्यावरच प्रत मागवा, आणि मागवताना पीडीएफ निवडा, टपालानं येणारा दाखला नको. मात्र मृत्यूची पीडीएफ प्रत १९५७ पर्यंतच्याच नोंदींची मिळते. रोम वारला १९६५ मध्ये. त्याच्यासाठी कागदी दाखल्याला पैसे घालण्यापेक्षा मृत्युपत्रांची सूची बघा. १८५८ पासूनची ही सूची ऑनलाइन आहे, आणि तीत मृत्यूची तारीख, ठिकाण आणि मागं ठेवलेल्या मालमत्तेचा आकडा मिळतो. चाळीस वर्षं पडद्यावर वावरलेला माणूस किती ठेवून गेला, हे चरित्रातलं फार बोलकं वाक्य असतं.

जनगणना दर दहा वर्षांची. १९११ चा फॉर्म कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेला आहे. १९२१ चा तर मूकपटवाल्यांसाठी खजिनाच: त्यात मालकाचं नाव आणि कामाचं ठिकाण असे प्रश्न होते. १९ जून १९२१ च्या रात्री जो नट कुठल्या स्टुडिओत पगारावर होता त्याच्या नावापुढं त्या कंपनीचं नाव असू शकतं. काम नसेल तर तसंही लिहिलेलं सापडतं. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. मधली पोकळी १९३९ मध्ये युद्ध लागताच केलेल्या रहिवाशांच्या नोंदवहीनं थोडी भरते. आणि एक गोष्ट: दौऱ्यावरचा नट घरी सापडत नाही. मँचेस्टरच्या एखाद्या खाणावळीत चार नटांबरोबर ‘भाडेकरू’ म्हणून सापडतो. घरच्या पत्त्यावर नाही म्हणजे घटस्फोट झाला, असले निष्कर्ष काढू नयेत.

महायुद्धातली नोकरी शोधताना आधीच मनाची तयारी ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली. तिथं नाव नाही, एवढ्यावरून ‘युद्धात गेला नाही’ असं ठरत नाही.

नट भारतात जन्मलेला असेल तर वरचं जवळजवळ सगळं बाजूला ठेवायचं. गोऱ्या साहेबांच्या आणि सोल्जरांच्या मुलांचे बाप्तिस्मे चर्चच्या वहीत पडत आणि त्यांच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालची मालिका एन-१, मद्रासची एन-२, मुंबईची एन-३. प्रिचर्ड एन-१ मध्ये शोधायचा. आपल्या कॅम्पातला सोल्जर, त्याचं इथं जन्मलेलं पोर पुढं नट झालं असं काही कानावर आलं, तर बेळगाव मुंबई इलाख्यात होतं म्हणून एन-३. फिबिस या संस्थेची सूची फुकट आहे. गावाचं नाव इंग्रजी अमदानीतल्या स्पेलिंगनं टाका, ‘बेळगावी’ टाकून काही मिळणार नाही. बाप्तिस्म्याची तारीख जन्मापेक्षा महिने-वर्षांनी पुढं असू शकते. प्रिचर्डच्या जन्माचं वर्ष काही ठिकाणी १८७५, काही ठिकाणी १८७७ छापलेलं दिसतं. अशा वेळी दोन्ही वर्षं द्या आणि आपण कुठलं धरलं आणि कशावरून, ते एका ओळीत सांगा.

चित्रपटांची यादी

आता यादीला हात घाला. प्रत्येक चित्रपटापुढं तीन गोष्टी हव्यात: व्यापाऱ्यांना दाखवल्याची तारीख, लोकांसाठी लागल्याची तारीख, आणि लांबी फुटांत.

पहिल्या दोन तारखा वेगळ्या का? त्या काळी ब्रिटनमध्ये चित्रपट आधी थिएटरवाल्यांना दाखवला जाई, आणि थिएटरांच्या तारखा आगाऊ विकल्या गेलेल्या असल्यानं प्रत्यक्ष लागायला कित्येक महिने, कधी वर्षही जाई. एका यादीत १९२१ आणि दुसरीत १९२२ दिसलं तर बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. एकानं पहिली तारीख घेतलेली असते, दुसऱ्यानं दुसरी. तुमच्या यादीत एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. हा घोळ न ओळखल्यामुळं एकच चित्रपट यादीत दोनदा येतो. अमेरिकेत नाव बदलून लागलेला चित्रपटही असाच दुसऱ्यांदा घुसतो.

फुटांचं गणित पाठ करून ठेवा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. फुटांना १६ नं गुणा, सेकंदाला जितक्या चौकटी चालवायच्या त्या आकड्यानं भागा, पुन्हा ६० नं भागा: मिनिटं मिळाली. दोन रिळांचा, म्हणजे सुमारे २,००० फुटांचा चित्रपट सेकंदाला २० चौकटींनी २६ मिनिटं ४० सेकंद चालतो. ५,००० फुटांचा चित्रपट १६ च्या गतीनं ८३ मिनिटं, २० नं ६७ मिनिटांच्या आत, २४ नं साडेपंचावन्न. इंटरनेटवर ४० मिनिटांची प्रत मिळाली आणि मूळ लांबी ५,००० फूट असेल, तर कुठल्याच गतीनं ती पुरी बसत नाही. प्रत तुटकी आहे किंवा घरगुती प्रक्षेपकासाठी काटछाट केलेली आहे. मग ‘शेवटाला नायक दिसतच नाही’ अशी टीका करण्याआधी शेवट शिल्लक आहे का ते बघा.

१९१० च्या आधीच्या ब्रिटिश चित्रपटांत नटांची नावं बहुधा येतच नाहीत. चेहऱ्यावरून ओळखलेली नावं नंतरच्या लोकांनी घातलेली असतात. ती यादीत वेगळ्या खुणेनं ठेवा. १९२७ च्या चित्रपट कायद्यानंतर, म्हणजे १९२८ पासून, चित्रपटांची सरकारी नोंदणी सुरू झाली, तिथून पुढं काम सोपं. त्याच कायद्यानं थिएटरांवर ब्रिटिश चित्रपटांचा कोटा घातला, आणि कोटा भरायला स्वस्तातले चित्रपट निघू लागले. उतरत्या काळात एखादा नट अचानक वर्षाला पाच-सहा चित्रपटांत दिसू लागला तर ती भरभराट म्हणून लिहू नका. या कोट्याकडं बघा.

आधार कशाचा घ्यायचा? धंद्याची साप्ताहिकं: ‘बायोस्कोप’ (१९०८ ते १९३२) आणि ‘किनेमॅटोग्राफ वीकली’. रंगभूमीसाठी ‘एरा’ आणि ‘स्टेज’. ब्रिटिश वृत्तपत्र संग्रहात पूर्ण पान बघायला पैसे पडतात, पण शोधल्यावर येणारे दोन-तीन ओळींचे तुकडे फुकट दिसतात. तारीख पक्की करायला बऱ्याचदा तेवढं पुरतं. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत जुनी सिनेमासिकं आणि वार्षिकं पूर्ण फुकट आहेत. ट्रेव्हरसारखा अमेरिकेत गेलेला नट असेल तर अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची सूचीही फुकट आहे, तिथं जा. लोकांनी मिळून भरलेल्या ऑनलाइन याद्यांचा उपयोग एवढाच की कुठं शोधायचं ते कळतं. पुरावा म्हणून त्या धरू नयेत.

चित्रपट मिळवणं आणि बघणं

बहुतेक चित्रपट गेलेले आहेत, याची खंत करत बसू नका, कारण शोधा. नायट्रेटची फिल्म कुजते आणि पेटते. बोलपट आल्यावर मूकपटाला भंगाराची किंमत आली. फिल्ममधली चांदी काढून विकली गेली. हेपवर्थ कंपनी १९२४ च्या सुमारास बुडाली, तेव्हा तिच्या मूळ निगेटिव्ह विमानाच्या पंखांना लावायच्या रोगणासाठी वितळवायला विकल्या गेल्या. म्हणून रोमचं ऐन भरातलं काम आज इतकं थोडं बघायला मिळतं. नॉरवुडचं नशीब त्या मानानं चांगलं: ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयानं त्याच्या होम्सपटांच्या जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं आणि त्यांतले पहिले २०२४ च्या लंडन महोत्सवात दाखवले.

त्या संस्थेच्या साइटवरचे बरेच चित्रपट भारतातून उघडत नाहीत. इंटरनेट आर्काइव्ह आणि संस्थांची यूट्यूब पानं बघा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जायचं ते मुख्यतः ग्रंथालयासाठी. काय बघायचंय त्याची यादी आधी मेल करून ठेवा.

प्रत उघडली की आधी गती तपासा. चालणारी माणसं, घोड्याची टाप, वाऱ्यावरचं निशाण बघा. सेकंदाला १८ चौकटींनी घेतलेला चित्रपट २४ नं चढवलेला असेल तर सगळे तुरुतुरु पळतात. प्लेअरमध्ये गती ०.७५ करा. अभिनय ‘अतिरेकी’ वाटण्याचं निम्मं कारण इथं मिटतं. उरलेल्यातलं काही फिल्मच्या रसायनात आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंग काळा आणि निळा रंग पांढरा दाखवायची. त्यामुळं ओठ काळेठिक्कर, निळे डोळे पारदर्शक, आणि चेहऱ्यावरची लाली डागासारखी. नटाला त्या मानानं रंग लावावा लागे. ओठ काळे दिसतात म्हणून नटाची चेष्टा करणारा लेख लिहिणाऱ्याचंच अज्ञान दाखवतो.

टिपणं घेताना विशेषणं लिहू नका, मिनिट-सेकंद लिहा. ‘१२:४० – पत्र वाचतो, चेहरा स्थिर, फक्त डावा अंगठा कागदाच्या कडेवरून फिरतो, ६ सेकंद.’ अशा पंधरा नोंदी झाल्या की त्या नटाची खोड आपोआप दिसू लागते. रंगभूमीवरून आलेला नट सुरुवातीच्या चित्रपटांत पूर्ण हात वापरतो, पुढं कॅमेरा जवळ येत जातो तसा मनगटापर्यंत उतरतो. ही उतरण तारखांसह दाखवलीत तर लेखाला कणा मिळतो.

नावं देवनागरीत

उच्चारानं लिहा, स्पेलिंगनं नव्हे: ट्विकनम, ग्रेनिच, लेस्टर. उच्चार नक्की नसेल तर एखाद्या ब्रिटिश माणसाच्या तोंडून रेकॉर्डिंगवर ऐका. मिळालं नाही तर आडनावावर भागवा. एकदा ठरवलेलं रूप शेवटपर्यंत तेच ठेवा, आणि लेखाखाली मूळ रोमन स्पेलिंगची छोटी यादी छापायला सांगा. ती नसेल तर वाचकाला पुढं काही शोधताच येत नाही.

चित्र म्हणून जुनी पोस्टकार्डं वापरतात. त्यांवर तारीख नसते. टपालात गेलेलं कार्ड असेल तर तिकीट बघा: ब्रिटनमध्ये पोस्टकार्डाचा दर जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी होता, मग एक पेनी झाला. देशातल्या देशात पाठवलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर छायाचित्र बहुधा त्याआधीचं.

वाचनालयात दाखवायचं असेल तर

पूर्ण चित्रपट नको; १० ते १२ मिनिटांचा सलग तुकडा घ्या. भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळं १९२० च्या दशकातल्या चित्राला इथं अडचण नाही. जीर्णोद्धार केलेल्या प्रतीवरचं नवं संगीत मात्र आजच्या माणसाचं असतं. आवाज बंद ठेवा आणि आपली पेटी आणि तबला बसवा. वादकांना तुकडा आधी दोनदा दाखवा, आणि सतत वाजवू नका म्हणून सांगा. प्रसंग बदलताना चार-पाच सेकंदांची शांतता फार काम करते. तबलजीला प्रत्येक पडण्या-आपटण्यावर थाप मारायची हौस असते, ती आवरावी लागते.

चित्रपटात मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मराठीत मोठ्यानं वाचायला एक माणूस हवा. पाटी जेमतेम दोनदा वाचून होईल एवढा वेळ पडद्यावर राहते, म्हणून मराठी ओळ दहा-बारा शब्दांत बसवा. वाचणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक पाटीआधीची शेवटची हालचाल लिहा: ‘टोपी उचलतो → पाटी ४’. नुसत्या क्रमांकावर गेलात तर एक पाटी हुकली की पुढच्या सगळ्या घसरतात. हेस्कॉमच्या विजेचा भरवसा धरू नका. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर घ्या. पुन्हा चालू होऊन दिवा तापायला प्रोजेक्टरला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मागची रांग उठते.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न येणारच: हे चित्रपट तेव्हा बेळगावात लागले होते का? कॅम्पात पलटणी होत्या म्हणजे लागले असतील, असं उत्तर देऊ नका. त्या काळी भारतात लागणारे परदेशी चित्रपट बहुतांश अमेरिकन होते. म्हणूनच १९२७ मध्ये सरकारनं रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा साम्राज्यातल्या चित्रपटांना प्राधान्य द्यावं का हा प्रश्न तिच्यापुढं होता. तिचा अहवाल आणि साक्षींचे खंड ऑनलाइन वाचायला मिळतात. मुंबई इलाख्यातले साक्षीदार आधी काढा. मग ‘बॉम्बे क्रॉनिकल’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’मधल्या जाहिराती, तिथं चित्रपट मुंबईत लागल्याचं दिसलं तर पुढचे सहा महिने ते वर्षभराचे मराठी पेपर चाळा, कारण प्रत मुंबईहून पुढं फिरत फिरतच खाली येई. जाहिरात हाती लागली तर तारीख आणि थिएटरच्या नावासकट रजिस्टरच्या पाचही रकान्यांत नोंद करा. नाही लागली तर व्यासपीठावरून ‘पुरावा मिळाला नाही’ एवढंच सांगा आणि पुढचा प्रश्न घ्या.